पश्चिमेच्या उन्हातलं फायबरग्लासचं दार पुन्हा कसं रंगवावं

आमच्या दारावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ असे दोन स्टिकर होते. घर घेतलं त्या दिवाळीत चिकटवलेले. चार वर्षांनी ते सोलून काढले, तर खाली अक्रोडाच्या लाकडासारखा गडद तपकिरी रंग जसाच्या तसा, आणि भोवतीचं सगळं दार चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं. ‘शुभ’चा उकारसुद्धा वाचता येत होता. ऊन दाराचं काय करतं हे त्या दोन चौकोनांनी मला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा चांगलं शिकवलं.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. दार पश्चिमेला, पुढचा पोर्च जेमतेम तीन फुटांचा. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडाकडे नव्याने घर घेतलेल्या आणि ‘दाराचे पोपडे निघतायत, काय करू?’ असं विचारणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. मी रंगारी नाही. हे काम मी दोनदा केलंय. पहिल्यांदा पार बिघडवलं, दुसऱ्यांदा जमलं.

आधी दार ओळखा

अमेरिकेतल्या नव्या वसाहतींमध्ये लाकडी वाटणारी बरीच दारं लाकडाची नसतात. दोन्ही बाजूंना साच्यात दाबून काढलेलं फायबरग्लासचं पातळ कवच, मध्ये फोम आणि कडांना लाकडाच्या किंवा कंपोझिटच्या पट्ट्या, अशी त्यांची रचना असते. लाकडाच्या रेषा साच्यातूनच कवचावर उठवलेल्या असतात. बोटाने ठोकलं की पोकळसर, बोदा आवाज येतो. शंका असेल तर दार उघडून कड बघा. कडेला वेगळी पट्टी जोडलेली आणि तोंडावरच्या रेषा कडेवर पुढे न जाता तिथेच थांबलेल्या दिसल्या, तर दार फायबरग्लासचं समजा.

सागवानी दाराला पॉलिश करताना रंग लाकडात मुरतो. फायबरग्लासमध्ये काहीच मुरत नाही. त्यावर लावतात ते जेल स्टेन मलईसारखं घट्ट असतं. ते उठावाच्या खोबणींत जास्त आणि सपाट भागावर कमी राहतं, म्हणून लाकडाचा भास होतो. म्हणजे रंग नुसता कवचावर बसलेला असतो. त्याला धरून ठेवतो तो वरचा पारदर्शक थर, इथल्या भाषेत क्लियर कोट. तो थर गेला की रंगही त्याच्या मागोमाग जातो.

उन्हातले अतिनील किरण आधी हाच थर खातात. त्याची चमक जाते, मग तो पांढुरका होतो, बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागते, मग बारीक भेगा आणि शेवटी पोपडे. या थरात किरण शोषून घेणारी रसायनं घातलेली असतात, पण तीही हळूहळू खर्ची पडतात. म्हणून क्लियर कोट कायमचा नसतोच. छत्रीसारखा तो अधूनमधून बदलायचा असतो. वेळेवर बदलला तर काम एका सकाळचं. उशीर केला तर चार-पाच दिवसांचं.

दिशेचाही हिशोब आहे. डॅलसला जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास ८० अंशांवर, म्हणजे डोक्यावर असतो. दक्षिणेच्या दाराला तेव्हा लहानसा पोर्चही सावली देतो. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दुपारी ३४ अंशांच्या आसपास असतो आणि ऊन पोर्चखालून थेट दाराच्या खालच्या भागावर येतं. पश्चिमेच्या दाराची गत आणखी वाईट. उतरतं ऊन बारा महिने पोर्चखालून आत शिरतं. आमच्या दाराचा वरचा हातभर भाग अजून नवा वाटत होता आणि खालचे दोन फूट पार गेलेले, ते यामुळेच. २०११ साली डॅलसला ७१ दिवस पारा १०० अंश फॅरेनहाइटला किंवा त्याच्या वर गेला होता. असल्या उन्हात गडद रंगाच्या दाराला दुपारी तीन वाजता हात टेकवून बघा, मी काय म्हणतोय ते कळेल.

मुख्य दाराच्या बाहेरून काचेचं जादा दार, म्हणजे स्टॉर्म डोअर, लावलेलं असेल आणि दारावर थेट ऊन येत असेल, तर दोन दारांमध्ये हवा कोंडून भट्टी होते. दाराच्या वॉरंटीचा कागद काढून वाचा. अशा जागी स्टॉर्म डोअर लावू नका असं बरेच उत्पादक त्यात बजावतात.

तुमचं दार कोणत्या अवस्थेत आहे?

हे न बघता थेट दुकानात जाणं ही माझी पहिली चूक. दार साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मग तीन गोष्टी करा. ओल्या फडक्याने पुसून रंग कसा दिसतो ते बघा. नखाने कडेजवळ हलकं खरवडून बघा. चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा.

ओलं केल्यावर रंग पूर्वीसारखा गडद दिसला आणि पट्टीला काहीच चिकटलं नाही, तर रंग शाबूत आहे, फक्त वरचा थर मलूल झालाय. हलकं घासून क्लियर कोटचे नवे दोन हात दिले की झालं.

रंग फिका पडलाय पण पट्टीला काही चिकटत नाही, ही मधली अवस्था. जुना थर घट्ट धरून असेल तर तो हलका घासून त्यावर जेल स्टेनचा पातळ हात देता येतो आणि त्यावर क्लियर कोट. जेल स्टेनला मुरायची गरज नसते, म्हणून हे चालतं.

पट्टीला पापुद्रे आले, भेगा दिसतायत, खाली कवचाचा फिका रंग उघडा पडलाय, तर जुनं सगळं उतरवण्याला पर्याय नाही. मी पहिल्यांदा हेच टाळलं. जुलैच्या दुपारी, सुटलेल्या पोपड्यांवरच जेल स्टेन फासलं. तापलेल्या दारावर ते पसरायच्या आधीच चिकट झालं, ब्रशचे फराटे उठले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जुने पोपडे नव्या रंगाला पाठीवर घेऊन सुटले. पैसे गेले, शनिवार गेला, वर शेजाऱ्यांची सहानुभूती मिळाली.

दार अर्धं चांगलं, अर्धं वाईट असलं तर सगळ्यात वाईट भागाला काय लागतंय ते पूर्ण दाराला करा. निदान दारावर उठवलेला एक पूर्ण चौकोन (पॅनेल) किंवा त्याभोवतीची एक पूर्ण पट्टी सलग घ्या. मधेच ठिगळ लावलेलं दुरूनही दिसतं.

कधी करायचं

स्टेन आणि क्लियर कोटच्या डब्यांवर तापमान साधारण ५० ते ९० फॅरेनहाइट, म्हणजे १० ते ३२ सेल्सियस लिहिलेलं असतं. ते हवेइतकंच दारालाही लागू आहे, हे लक्षात घ्या. हवा ८५ असली तरी उन्हातलं गडद दार त्याच्या कितीतरी वर असतं.

आमच्याकडे मला ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरची सुरुवात सगळ्यात बरी वाटते. मार्च-एप्रिलची हवाही छान असते, पण तेव्हा ओकचे पिवळे परागकण उडत असतात आणि ते ओल्या क्लियर कोटवर येऊन कायमचे बसतात. पश्चिमेच्या दाराचं काम सकाळी करा, पूर्वेचं दुपारनंतर. ऊन फिरून येणार असेल तर पोर्चच्या खांबांना जुनी चादर किंवा ताडपत्री बांधा, दारापासून चांगली दोन-तीन फूट लांब. संध्याकाळी उशिरा हात देऊ नका. रात्रीचं दव अर्धवट वाळलेल्या थरावर पडलं की तो दुधाळ होतो.

तीन दिवस सलग कोरडे दिसले पाहिजेत. आणि हो, वसाहतीत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर रंग बदलण्याआधी त्यांची परवानगी लागते का ते बघा. तोच रंग पुन्हा देत असाल तर बहुधा प्रश्न येत नाही, पण अक्रोडी दार उद्या निळं केलंत तर पत्र येईल.

काय आणायचं

३ फूट रुंद आणि ६ फूट ८ इंच उंच दाराची एक बाजू म्हणजे २० चौरस फूट. एवढ्याला जेल स्टेनचा क्वार्टचा, म्हणजे सुमारे एक लिटरचा डबा भरपूर होतो, उरतोसुद्धा. क्लियर कोटचाही एक क्वार्ट. त्याशिवाय प्लास्टिकची खरवडपट्टी, नायलॉनचा ब्रश, दोन-तीन जुने टूथब्रश, २२० आणि ३२० नंबरचा पॉलिशपेपर, मास्किंग टेप, सुती चिंध्या, मिनरल स्पिरिट, रसायन झेपतील असे हातमोजे आणि चष्मा. मिनरल स्पिरिट म्हणजे आपल्याकडचे रंगारी टर्पेंटाइन ज्या कामाला वापरतात त्याच कामाचं द्रावण.

पैसे वाचवायचे तर चिंध्यांवर वाचवा, ब्रशवर नको. तेलाच्या जेल स्टेनला नैसर्गिक केसांचा ब्रश आणि पाण्याच्या क्लियर कोटला सिंथेटिक केसांचा. दोन्हींना एकच ब्रश वापरलात तर दुसरं काम बिघडतं.

रंग उतरवायचं द्रावण घेताना डब्यावर फायबरग्लासला चालतं असं लिहिलंय का, ते वाचा. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत मेथिलीन क्लोराइडची शिफारस सापडेल. तिकडे लक्ष देऊ नका. त्याच्या वाफांनी माणसं दगावली आहेत, आणि घरगुती ग्राहकांना रंग उतरवण्यासाठी ते विकण्यावर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१९ साली बंदी घातली.

क्लियर कोटच्या डब्यावर दोन शब्द हवेत, एक्स्टेरियर (बाहेरच्या वापरासाठी) आणि यूव्ही (अतिनील किरण). घरातल्या फर्निचरचं पॉलियुरेथेन कितीही चांगलं असलं तरी बाहेर त्याचा निभाव लागत नाही. दोन पर्याय असतात. तेलाचं स्पार युरेथेन, जे मुळात जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हार्निशच्या घराण्यातलं. ते लवचिक असतं, पण वास फार, वाळायला वेळ आणि काळाने पिवळसर होतं. दुसरं पाण्याचं ॲक्रिलिक किंवा युरेथेन, जे लवकर वाळतं आणि पिवळं पडत नाही. मी पाण्याचं वापरतो, कारण एका दिवसात दोन हात होतात आणि रात्री दार लावता येतं. दार बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा संच मिळत असेल तर तो घ्या. थोडा महाग पडतो, पण स्टेन आणि वरचा थर एकमेकांना जुळणारे असतात.

जुनं उतरवणं

मूठ, कुलूप, ठोठावायची कडी, नंबराच्या पाट्या, सगळं काढा. काढण्याआधी फोटो घ्या आणि स्क्रू नाव लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. रात्री घर बंद करायचंय, तेव्हा डेडबोल्ट, म्हणजे मुठीच्या वरचं चावीचं कुलूप, संध्याकाळी परत बसवता येईल असा हाताशी ठेवा. चौकटीच्या खाचेत बसवलेली रबरी पट्टी हाताने ओढली की निघते. ती काढून बाजूला ठेवा. त्यावर रंग लागला की दार चिकटायला लागतं.

दोन माणसं असतील तर दार उतरवून सुतारी घोड्यांवर, म्हणजे लाकडी तिवयांवर, आडवं ठेवा. ओघळ येत नाहीत, पाठही वाचते. एकटे असाल तर दार बिजागऱ्यांवरच राहू द्या. मी एकट्यानेच केलं. खाली जाड प्लास्टिक अंथरा, पोर्चचं काँक्रीट आणि कुंड्या झाका.

दारात काच असेल तर तिची चौकट नीट बघा. ती बहुतेक वेळा प्लास्टिकची असते आणि रंग उतरवणाऱ्या द्रावणाने मऊ पडते. काच आणि चौकट दोन्हींवर टेपचे दोन थर द्या. चौकटीवरचा जुना थर फक्त पॉलिशपेपरने, हाताने, हलका घासा.

द्रावण आधी खालच्या कोपऱ्यात हातभर जागेत लावून बघा. कवच मऊ पडत नाही ना, रंग उचलतोय ना, हे पाहून मगच पुढे जा. जाडसर थर द्या आणि वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवा, म्हणजे ते वाळत नाही. किती वेळ ठेवायचं ते डब्यावर असतं. रात्रभर ठेवलं तर जास्त चांगलं निघेल, असला हिशोब फायबरग्लासवर करू नका.

सैल झालेला थर खरवडपट्टीने रेषांच्या दिशेने काढा, खोबणीतला नायलॉनच्या ब्रशने, चौकोनांच्या कोपऱ्यातला टूथब्रशने. दुसऱ्यांदा द्रावण लावायची तयारी ठेवा, पहिल्या फेरीत सगळं निघत नाही. खोबणीत थोडा जुना रंग राहिला तर जीव काढू नका. तितकाच किंवा त्याहून गडद रंग देणार असाल तर तो मदतच करतो. सुटा पोपडा आणि चकाकणारा जुना क्लियर कोट मात्र कुठेही राहता कामा नये.

इथे हात आवरायच्या तीन गोष्टी आहेत. सँडिंग मशीन लावलं की साच्यातल्या लाकडाच्या रेषा घासून सपाट होतात आणि त्या परत आणता येत नाहीत. हीट गनने कवच आणि आतला फोम दोन्ही बिघडतात. तारेचा ब्रश ओरखडे पाडतो, आणि त्या प्रत्येक ओरखड्यात नंतर स्टेन भरून बसतं.

सगळं निघाल्यावर डब्यावर सांगितलेल्या पद्धतीने द्रावणाचा अंश काढा, मग मिनरल स्पिरिटच्या फडक्याने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. एक रात्र वाळू द्या. यानंतर उघड्या हाताने दाराला हात लावू नका. बोटांचं तेल जिथे लागेल तिथे स्टेन धरत नाही. आमच्याकडे मुलाच्या पंजाचा ठसा उमटला होता. पुसून पुन्हा करावं लागलं.

स्टेनचा हात

रंग निवडताना एक विचार करा: जितका गडद, तितका तापणार. मी दुसऱ्या वेळी अक्रोडाऐवजी मध्यम ओक घेतला. मातकट, गेरूसारख्या छटा लोहाच्या ऑक्साइडच्या रंगद्रव्यातून येतात आणि उन्हात चांगल्या टिकतात.

डबा हलवू नका, काठीने तळापर्यंत ढवळा. आधी पुठ्ठ्यावर नाही, दाराच्या कडेवर किंवा आतल्या अंगाला लपेल अशा जागी नमुना बघा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी आतले खोल चौकोन आणि त्यांच्या कडा, मग मधली उभी पट्टी, मग आडव्या पट्ट्या आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या लांब उभ्या पट्ट्या. खरं लाकडी दार अशाच तुकड्यांनी जोडलेलं असतं आणि प्रत्येक तुकड्याच्या रेषा आपापल्या दिशेने जातात. आडवी पट्टी जिथे उभीला भेटते तिथे टेप लावली की सांधा सुताराने केल्यासारखा स्वच्छ दिसतो. टेप स्टेन ओलं असतानाच काढा.

एका वेळी एकच तुकडा घ्या. चिंधीने किंवा ब्रशने स्टेन खोबणीत घासून भरा, थोडं जास्तच झालं तरी चालेल. मग चिंधीने हलक्या हाताने जादाचं पुसा. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश रेषांच्या दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता फिरवा, आणि दर दोन फेऱ्यांनी ब्रश चिंधीला पुसा. दार लाकडी दिसणार की रंगवलेलं प्लास्टिक, ते या शेवटच्या फिरवण्यावर ठरतं. मला ते जमायला एक पूर्ण चौकोन पुसून परत करावा लागला, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओलं असेपर्यंत मिनरल स्पिरिटने सगळं पुसता येतं.

कोपऱ्यात स्टेन साचतं, तिथे कोरड्या ब्रशच्या टोकाने उचला. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा बघा, ओघळ तेव्हाच दिसतात.

कडा विसरू नका. आत उघडणाऱ्या दाराची बिजागरीकडची कड बाहेरच्या रंगाची करतात आणि कुलुपाकडची आतल्या रंगाची, कारण दार उघडं असताना ती-ती कड त्या-त्या बाजूने दिसते. वरची आणि खालची कड कोणी बघत नाही, पण तिथे लाकूड उघडं असेल तर पाणी तिथूनच आत जातं. तिला निदान क्लियर कोट तरी द्या. दार उतरवलं नसेल तर वरची कड शिडीवरून करा. खालच्या कडेसाठी दार काढावंच लागतं, आणि ते एखाद्या मित्राच्या मदतीने पुढे कधीतरी केलं तरी चालेल.

एका हातात रंग फिका वाटला तर चोवीस तासांनी दुसरा हात. घासून मुळीच नको, नुसता वर चढवायचा.

चिंध्यांचं काय करायचं

हा परिच्छेद घाईत असाल तरी वाचा. तेलाच्या स्टेनच्या चिंध्या वाळताना उष्णता सोडतात. त्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतच साठते आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. यात अतिशयोक्ती काही नाही. घरं जळलेली आहेत. प्रत्येक चिंधी बाहेर मोकळ्या जागी एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. नंतर गावाच्या घातक कचरा केंद्रात द्या. उरलेलं स्टेन आणि द्रावणही तिथेच द्या, गटारात ओतू नका.

क्लियर कोट

स्टेन पूर्ण वाळलं का, हे पांढऱ्या फडक्याने बघा. हलकं पुसल्यावर फडक्याला रंग लागला तर थांबा. तेलाच्या स्टेनवर पाण्याचा क्लियर कोट द्यायचा असेल तर मी दोन ते तीन दिवस थांबतो, हवा दमट असेल तर आणखी एक दिवस. इथे घाई केली तर वरचा थर सुरकुततो किंवा पुढे सोलून येतो.

क्लियर कोटही ढवळायचा, हलवायचा नाही. हलवला की बुडबुडे येतात आणि ते दारावर तसेच गोठतात. क्रम स्टेनचाच. पातळ हात द्या आणि तोच भाग पुन्हापुन्हा ब्रशने चाळवू नका, पाण्याचा थर दोन-तीन मिनिटांत ओढायला लागतो. तिरक्या उजेडात, टॉर्च लावून बघितलं तर सुटलेल्या जागा लगेच दिसतात.

पहिल्या हातानंतर काहीही घासू नका. खाली लगेच स्टेन आहे, कागद त्याच्यापर्यंत पोचला तर फिके डाग पडतात. दुसऱ्या हातानंतर कण लागत असतील तर ३२० च्या कागदाने नुसता स्पर्श करावा तसं फिरवा आणि ओलसर फडक्याने पुसा. स्टील वूल वापरू नका, त्याचे कण पाण्याच्या थरात गंजून तांबडे ठिपके येतात. डब्यावर दोन हात लिहिलेले असले तरी उन्हातल्या दाराला मी तीन देतो, आणि खालच्या दोन फुटांना चौथा. चार वर्षांत काय झालं ते बघितल्यावर तेवढा पक्षपात मला रास्त वाटतो.

शेवटचा हात सकाळी लवकर द्या आणि दार दिवसभर उघडं ठेवा. रबरी पट्टी लगेच लावू नका. रात्री बंद करावंच लागलं तर कडांवर मेणकागदाच्या पट्ट्या लावून बंद करा. आमच्या पहिल्या प्रयत्नात दार चौकटीला चिकटलं आणि सकाळी ओढताना कडेचा बोटभर थर चौकटीवर राहिला.

की सरळ रंगच द्यावा?

खरं सांगायचं तर पश्चिमेचं दार, सावली नाही आणि दर दोन वर्षांनी ब्रश हातात घ्यायचा कंटाळा, असं असेल तर लाकडाचा भास सोडा आणि बाहेरचा ॲक्रिलिक रंग द्या. अपारदर्शक रंगातली रंगद्रव्यं स्वतःच ऊन अडवतात. पारदर्शक थराला ती सोय नाही. नीट साफ केलेल्या, योग्य प्रायमर दिलेल्या दारावर असा रंग क्लियर कोटपेक्षा बराच जास्त टिकतो. फिकी छटा घेतलीत तर दार तापतंही कमी. माझ्या घरी हा प्रस्ताव एका मताने पडला. आईने फोनवरून ‘दार लाकडीच दिसलं पाहिजे’ असा निकाल दिला.

पुढची निगा

वर्षातून दोनदा, साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवा. प्रेशर वॉशर नको. धुतल्यावर खालच्या भागावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात की पसरतात, ते बघा. चमक गेलेली आणि पाणी पसरतंय असं दिसलं की ३२० चा हलका कागद फिरवून क्लियर कोटचे एक-दोन हात. भर उन्हातल्या दाराला हे वर्षा-दोन वर्षांनी लागतं, सावलीतल्याला तीन-चार वर्षांनी. मी फोनवर ऑक्टोबरची आठवण लावून ठेवलीय. काम तीन तासांत होतं.

नवा थर हाताला कोरडा लागला तरी आतून पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर दारावर काही चिकटवू नका, चिकट हुक तर नाहीच. सोलताना थरासकट येतो. दिवाळी त्याच्या आत आली तर तोरण वरच्या लाकडी चौकटीला दोन्ही टोकांना छोटे स्क्रूचे हुक बसवून त्यावर अडकवा आणि पणत्या दारापासून हातभर लांब ठेवा. ‘शुभ’ आणि ‘लाभ’ आम्ही आता शेजारच्या विटांच्या भिंतीवर लावलेत.